सोलापूरच्या बोअरमधून जमिनीखालचा ग्रेडियंट कसा काढायचा

बोअरच्या तळाचं तापमान घ्यायचं, त्यातून गावाचं वार्षिक सरासरी तापमान वजा करायचं आणि खोलीने भागायचं, असा हिशेब कित्येक प्रोजेक्ट-रिपोर्टांत असतो. सोलापूरच्या बेसाल्टात तो बहुतेक वेळा चुकतो. खोलीगणिक तापमान किती वाढतं, म्हणजेच ग्रेडियंट किती, हे कळायला बोअरचा असा पट्टा सापडावा लागतो जिथे पाणी हलत नाही आणि उष्णता फक्त दगडातून वर येते. साधन चांगलं असलं तरी पट्टा चुकीचा धरला तर उत्तरही चुकतं. म्हणून पुढे साधनापेक्षा पट्टा ओळखण्यावर जास्त लिहिलं आहे.

आधी अपेक्षा किती ठेवायची ते बघू. सोलापूर जिल्हा दख्खनच्या लाव्हाथरांवर बसलेला आहे. या भागात जमिनीतून वर येणारी उष्णता चौरस मीटरला साधारण ४० मिलिवॅट आहे. बेसाल्टाची उष्णतावहनक्षमता मीटर-अंशाला १.५ ते १.९ वॅट धरली, तर ग्रेडियंट किलोमीटरला २१ ते २७ अंश सेल्सिअस येतो. म्हणजे ५०० फुटी, सुमारे १५० मीटरच्या बोअरमध्ये वरपासून तळापर्यंतचा सगळा फरक तीन-चार अंशांचा. दहा मीटरला पाव अंश. एवढ्या बारीक फरकातून उत्तर काढायचं असल्याने अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत वाचणारं साधन लागतंच.

बोअर कोणती घ्यायची

चालू बोअर नको. मोटार चालली की पाच-सहा थरांतलं पाणी एकत्र होतं, त्यात मोटारीची उष्णता काही दशांश अंशांची भर घालते, आणि बादलीत थर्मामीटर बुडवून घेतलेल्या आकड्याला कोणतीही एक खोली लावता येत नाही. कॉलम पाइप आणि केबल आत असताना सेन्सर सोडला तर तो अडकण्याची भीती वेगळीच. पाणी कमी पडलं म्हणून सोडून दिलेली, मोटार काढलेली, पण अजून पाणी धरून असलेली बोअर सगळ्यांत चांगली. मोटार नुकतीच काढली असेल तर निदान आठवडाभर बोअरला हात लावू नका. पाइप ओढताना आतलं सगळं पाणी ढवळलेलं असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विंधन विहिरींतून उपसा होत नसल्याने त्या कामाला उत्तम, पण त्यासाठी जिल्हा कार्यालयाची लेखी परवानगी घ्या.

नवीन बोअर असेल तर आणखी थांबावं लागतं. आपल्याकडे गाड्या हवेच्या दाबावर हातोडा चालवून बोअर मारतात. गरम झालेली हवा, भुकटी उडवायला सोडलेलं पाणी आणि थराथरातून येणारं पाणी यांनी भिंतीचं तापमान बिघडतं. काम जितका वेळ चाललं त्याच्या दहा ते वीस पट वेळ थांबायचं, हा सर्वसाधारण नियम. एका दिवसात पुरी झालेल्या बोअरला तीन आठवडे दिले की पुरे. अगदीच थांबता येत नसेल तर तळाचं तापमान वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा घ्या. काम चाललेला काळ अधिक थांबलेला काळ, भागिले थांबलेला काळ, या गुणोत्तराचा लॉगॅरिदम आडव्या अक्षावर आणि तापमान उभ्या अक्षावर मांडा. रेषा गुणोत्तर १ पर्यंत, म्हणजे लॉगॅरिदम शून्यापर्यंत, वाढवली की तिथे न बिघडलेल्या तापमानाचा अंदाज मिळतो. तेलविहिरींत हॉर्नर पद्धत म्हणून हीच वापरतात. पण हा तळापुरताच इलाज आहे. पूर्ण उंचीचा आलेख त्यातून सुधारत नाही.

आता जागा. शहरातल्या बोअरमध्ये वरचे ५०-६० मीटर डांबर, काँक्रीट आणि घरांच्या उष्णतेने तापलेले असतात; तिथे ग्रेडियंट शून्याजवळ किंवा चक्क उलटाही मिळू शकतो. उजनीच्या कालव्याखाली आलेल्या उसाच्या जमिनीची अडचण वेगळी. पूर्वी कोरडी तापणारी रानं वर्षभर ओली राहू लागली की पृष्ठभागाचं सरासरी तापमान बदलतं आणि तो बदल वर्षागणिक खाली झिरपत जातो. त्यातच पाटाचं पाणी फटींतून उतरतं. नान्नजकडच्या माळासारखी, वर्षानुवर्षं न बदललेली कोरडवाहू जमीन मिळाली तर ती आधी निवडा. आसपास दोनशे मीटरात चालू बोअर नसावी. मोहोळ-पंढरपूरच्या बागायती पट्ट्यात अशी जागा मिळणं कठीण; अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या कोरडवाहू भागात तुलनेने सोपं.

खोली किती लागते, याचाही हिशेब आहे. उन्हाळा-हिवाळ्याची लाट बेसाल्टात दर २.८ मीटरला सुमारे एक तृतीयांशावर येते. पृष्ठभागावर ती आठ अंशांची असली तरी १५ मीटरवर चार शतांश उरते, २० मीटरवर शतांशाहून कमी. पण गेल्या शंभर वर्षांतल्या हवामानबदलाचा परिणाम शंभर मीटरपर्यंत पोचू शकतो, आणि वरच्या साठ-सत्तर मीटरांत तो स्पष्ट दिसतो. म्हणून १०० मीटरपेक्षा उथळ बोअरवर भरवसा नको. १५० मीटरच्या पुढची बघा. गाडीवाल्याच्या बिलावरची खोली प्रमाण मानू नका. ६०० फुटी म्हणून सांगितलेली बोअर गाळाने भरत पाचशेवर आलेली असू शकते. वजन सोडून तळ स्वतः मोजा.

साधन

बाजारात सहज मिळणारा डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर या कामाला अपुरा आहे. त्याची सर्वांत बारीक पायरी ०.०६२५ अंशाची. दहा मीटरचा फरकच ०.२४ अंश असताना ही पायरी फार मोठी होते.

१० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापमान वाढलं की रोध उतरणारा सेन्सर) घ्या, बीटा (रोध किती झपाट्याने बदलतो तो आकडा) ३९५० च्या आसपासचा. २८ अंशांना त्याचा रोध सुमारे ८,७६० ओहम असतो आणि अंशाला ३८० ओहमनी उतरतो. म्हणजे एक शतांश अंश जवळजवळ चार ओहम. साडेचार अंकी मल्टिमीटर २० किलोओहमच्या रेंजवर एक ओहम दाखवतो, तो पुरतो. साडेतीन अंकी मीटर दहा-दहा ओहमच्या उड्या मारतो, तो चालत नाही.

थर्मिस्टर सहा मिलिमीटरच्या स्टेनलेस नळीत हीट-सिंक पेस्ट भरून बसवा आणि तोंड इपॉक्सीने बंद करा. वजन सेन्सरच्या वर ठेवा, ४० सेंटिमीटरवर. दीड किलोची पितळी किंवा लोखंडी सळई, जाडी ४ सेंटिमीटरच्या आत. सेन्सर सगळ्यांत खाली असला की खाली उतरताना न हललेलं पाणी आधी त्याला भेटतं. टोकाला तळाचा धक्का लागू नये म्हणून भोकं पाडलेली नळीची जाळी बसवा.

केबलच्या दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, तारेचा स्वतःचा रोध. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार २०० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १४ ओहम होतात, म्हणजे साधारण चार शतांश अंश. ही चूक सगळ्या खोल्यांना सारखीच लागते, त्यामुळे ग्रेडियंट बिघडत नाही. थर्मिस्टरचं कॅलिब्रेशन (माहीत तापमानांशी जुळवणी) त्याच केबलसकट केलं तर तीही जाते. दुसरी गोष्ट जास्त घातक: सांध्यातून झिरपणारं पाणी. सांध्याजवळ एक मेगओहमची गळती झाली तरी रोध ७५-८० ओहमनी कमी दिसतो, म्हणजे तापमान ०.२ अंशाने जास्त. आणि सेन्सर खाली जाईल तसा पाण्याचा दाब वाढून गळतीही वाढते, म्हणजे खोटा ग्रेडियंट तयार होतो. आलेखावर तो इतका सरळ आणि पटण्याजोगा दिसतो की संशयही येत नाही. म्हणून सेन्सर आणि सांधा रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी केबलच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून जोडा आणि त्या जोडापासून बादलीतल्या पाण्यापर्यंत मेगर (जास्त व्होल्टेजवर गळती तपासणारा मीटर) लावा. तारा जोडलेल्या असल्याने थर्मिस्टरवर व्होल्टेज येत नाही आणि तो जळत नाही. १०० मेगओहमच्या वर दाखवलं तरच केबल बोअरमध्ये सोडा.

भार केबलवर टाकू नका. दोन मिलिमीटरचा स्टीलचा वायररोप भार घेईल आणि केबल त्याला बांधलेली राहील. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते आणि खोलीचा हिशेब बिघडतो. खुणा सेन्सरच्या टोकापासून मोजा, वजन लटकवून दोर ताणलेला असताना, दर पाच मीटरला. फूट आणि मीटर एकाच वहीत मिसळू नका. बोअरवाले फुटात बोलतात, तुम्ही मीटरमध्येच लिहा.

कॅलिब्रेशनला ठेचून बारीक केलेला बर्फ आणि पाणी यांचा शून्य अंश हा एक बिंदू, पण तो आपल्या पट्ट्यापासून फार दूर आहे. खरं काम २४ ते ३४ अंशांत. थर्मोकोलच्या डब्यात पाणी सतत ढवळत, प्रमाणित थर्मामीटरशेजारी सेन्सर ठेवून निदान पाच बिंदू घ्या आणि त्यातून १/टी = ए + बी·एलएन(आर) + सी·(एलएन आर)³ या सूत्राचे तीन स्थिरांक बसवा; टी म्हणजे तापमान केल्विनमध्ये, आर म्हणजे रोध, एलएन म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. सोबत १० किलोओहमचा, तापमानाने न बदलणारा अचूक रेझिस्टर ठेवा. बोअरवर दर तासाला तो मीटरला लावून बघा. आकडा सरकला तर मीटर तापला आहे, बोअर नाही.

मोजणी

डिसेंबर-जानेवारी बरा. सोलापूरला पावसाचा जोर उशिरा, सप्टेंबरच्या आसपास असतो. त्यानंतर लगेच गेलात तर झिरपा जोरात असतो. मे महिन्यात पाण्याची पातळी खाली गेल्याने वरचा मोठा भाग हवेत राहतो, आणि हवेतले आकडे कामाचे नसतात. शिवाय बहुतेक मल्टिमीटरची अचूकता १८ ते २८ अंशांपुरती दिलेली असते. बेचाळीस अंशांच्या उन्हात ती उरत नाही. मीटर कोणत्याही मोसमात सावलीत ठेवा आणि काम सकाळी लवकर सुरू करा.

आधी पाण्याची पातळी मोजा. मग सेन्सर हळूहळू, मिनिटाला चार-पाच मीटरच्या वेगाने सोडा आणि दर पाच मीटरला थांबा. मोजणी फक्त उतरतानाच घ्यायची. वर ओढताना सगळं पाणी ढवळलेलं असतं, ते आकडे वहीत लिहूच नका. प्रत्येक थांब्यावर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मिनिटाला रोध लिहा. लागोपाठचे दोन आकडे चार ओहमच्या आत आले की पुढे चला. नाही आले तर थांबा. साडेसहा इंची बोअरमध्ये खालचं गरम पाणी वर आणि वरचं खाली असे छोटे फेरे आपोआप चालू असतात, त्यामुळे एक-दोन शतांश अंशांची डगमग साहजिक आहे. मिनिटभरातले पाच-सहा आकडे घेऊन सरासरी काढा. याहून मोठी डगमग एकाच खोलीवर दिसली तर ती जागा अधोरेखित करा. तिथे फट असण्याची शक्यता मोठी आहे.

जाताना बोअरचं तोंड टोपी बसवून, बोल्ट आवळून बंद करा. मोजणीच्या मधल्या वेळेतही उघडं तोंड नजरेआड होऊ देऊ नका. वापरात नसलेल्या बोअरमध्ये लहान मुलं पडू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नियम घालून दिलेले आहेत.

आलेख कसा वाचायचा

पुढचे आकडे हिशेब दाखवायला बनवलेले आहेत, कोणत्या ठरावीक बोअरचे नाहीत. पण आकार अगदी नेहमी दिसणारा आहे. पाणी १८ मीटरवर, तळ १५० वर.

३० मीटर: २८.४२
४० मीटर: २८.५१
५० मीटर: २८.६४
६० मीटर: २८.८०
७० मीटर: २९.०४
८० मीटर: २९.२८
९० मीटर: २९.३१
१०० मीटर: २९.३४
११० मीटर: २९.३९
१२० मीटर: ३०.२३
१३० मीटर: ३०.४७
१४० मीटर: ३०.७२
१५० मीटर: ३०.९५

खोली खालच्या दिशेला धरून हे आलेख-कागदावर काढा. तीन गोष्टी लगेच दिसतील. ३० ते ६० मधली रेषा वाकलेली आहे, दहा मीटरला ०.०९ पासून सुरू होऊन ०.१६ पर्यंत जाते. ८० ते ११० जवळजवळ उभी आहे. आणि ११० ते १२० मध्ये तापमान एकदम ०.८४ अंशाने चढतं.

उभा भाग म्हणजे वाहतं पाणी. बेसाल्टात दोन लाव्हाथरांच्या सांध्यावर, फुगीर पोकळ्यांच्या दगडात किंवा तांबड्या मातीच्या थराजवळ पाणी असतं. बोअर मारली की वेगवेगळ्या दाबाचे असे दोन थर एकमेकांना जोडले जातात. इथे ८० च्या आसपास पाणी आत येतंय, स्वतःचं तापमान घेऊन खाली उतरतंय आणि ११२-११५ च्या फटीत निघून जातंय. मोटार बंद असली तरी हे रात्रंदिवस चालू राहतं. त्यामुळे त्या तीस मीटरांतला आकडा दगडाचा नसून पाण्याचा आहे, आणि तो पट्टा पूर्ण टाकून द्यायचा. पाणी खालून वर चढत असेल तर चित्र उलटं दिसतं: उभा भाग दगडापेक्षा गरम असतो आणि पाणी निघून जाण्याच्या जागेच्या वर तापमान एकदम उतरतं. बोअरमालकाला मात्र हा टाकलेला भाग फार उपयोगाचा. पाणी कुठून येतं आणि कुठे गळतं हे त्याला नेमकं कळतं, केसिंग कुठवर घालायचं तेही ठरवता येतं.

उरलेले दोन पट्टे, ६० ते ८० आणि १२० ते १५०. खालच्या चार बिंदूंतून सर्वांत जुळणारी रेषा काढली की मीटरला ०.०२४१ अंश येतात, म्हणजे किलोमीटरला २४.१. आता खरी परीक्षा: हीच रेषा वर ६० मीटरपर्यंत नेली तर २८.७८ मिळतात, मोजलेले २८.८० आहेत. मध्ये तीस मीटर बिघडलेले असूनही वरचा आणि खालचा तुकडा एकाच रेषेवर बसतो, म्हणून दोन्ही विश्वासार्ह. तुकडे समांतर असूनही बाजूला सरकलेले दिसले, तर त्यांतल्या एकात तरी पाण्याचा हात आहे.

सगळे आकडे धरून ३० ते १५० ची सरळ वजाबाकी केली असती तर २१.१ आले असते. तळातून २७ अंश वजा करून १५० ने भागलं असतं तर २६.३. एकाच बोअरची तीन उत्तरं, आणि त्यांतलं एकच दगडाचं.

२४.१ ची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर २७.३ येतात. ते जमिनीचं जुनं सरासरी तापमान. ३० मीटरवर रेषेप्रमाणे २८.०६ हवे होते, मिळाले २८.४२, ५० मीटरवर जास्तीचे दहा शतांश उरतात, ६० ला दोन. वरून खाली उतरत जाणारी ही वाढ अलीकडच्या दशकांत जमीन तापल्याची खूण आहे. ग्रेडियंटच्या हिशेबात ती घ्यायची नाही, पण वहीत जरूर ठेवायची.

रेषा उभी न होता नुसता उतार बदलला, समजा २४ चा २९ झाला, तर आधी दगड तपासा. उष्णतेचा प्रवाह तोच, पण पोकळ्यांच्या बेसाल्टाची वहनक्षमता १.४ आणि सलग काळ्या पाषाणाची १.७ असेल तर ग्रेडियंट त्याच प्रमाणात बदलणारच: १.७ गुणिले २४ आणि १.४ गुणिले २९, दोन्ही ४०-४१ च्या घरात. म्हणून बोअर मारताना दर तीन मीटरची भुकटी खोली लिहिलेल्या पिशव्यांत जपून ठेवलेली असेल तर ती सोन्यासारखी. नसेल तर गाडीवाल्याला निदान तांबडी माती आणि पाणी कुठे लागलं ते विचारा.

आकडा किती ताणायचा

एका आकड्यात एक शतांश अंशाची चूक धरली तर तीस मीटरच्या चार बिंदूंतून येणारी ग्रेडियंटची चूक किलोमीटरला अर्धा अंश असते. एक दशांशाची धरली तर साडेचार अंश, म्हणजे उत्तराच्या जवळजवळ एक पंचमांश. खोलीच्या खुणांतली एक टक्का चूक थेट एक टक्का उतरते. बोअर पाच अंश तिरकी गेली असेल तरी फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, त्याची चिंता नको.

खाली ताणताना मात्र थांबा. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ६१७ मीटरची बोअर घेतली गेली, तेव्हा लाव्हा ३३८ मीटरवर संपला आणि गाळाच्या पातळ थराखाली नाईस हा लाव्ह्याहून जुना, कठीण दगड लागला. किल्लारी सोलापूरपासून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास. नाईसची वहनक्षमता २.८ धरली तर तिथे ग्रेडियंट २४ वरून १४-१५ वर येतो. समजा तुमच्या जागी लाव्हा ४०० मीटर आहे. सरळ रेषा ताणून एक किलोमीटरवर ५१ अंश येतात, दगड बदलल्याचा हिशेब धरला तर ४६. पाच अंशांचा हा फरक बोअरच्या कोणत्याही चुकीपेक्षा मोठा आहे.

महिन्याभराने तीच मोजणी पुन्हा करा. ३० मीटरखाली दोन शतांशांपेक्षा जास्त फरक निघाला तर बोअर अजून शांत झालेली नाही, आणि आकडा देऊ नका. जुळलं तर रिपोर्टात नुसतं २४ लिहू नका. असं लिहा: ६० ते ८० आणि १२० ते १५० मीटर, २४ ± १ अंश प्रति किलोमीटर. ८० ते ११५ मीटर खाली उतरणारं पाणी, वगळले. ६० मीटरपेक्षा उथळ भागात पृष्ठभागाचा परिणाम, वगळले. पाण्याची पातळी, शेवटचा उपसा आणि दोन्ही मोजण्यांच्या तारखा सोबत.